लाल टोपीचा घोडा

“पाच नंबर, लाल टोपीवाला. तोच आपला,” असं म्हणत बबितानं मोबाइल हळदीच्या पोत्याला टेकवून उभा केला आणि सासू-सासऱ्यांना पुढं बसवलं.

आपला म्हणजे काय, घोडा होता जपानातल्या एका शेठचा. पण ढाणकीजवळच्या या तांड्यात त्याला सगळे आपलाच म्हणत. बबिताचा नवरा, पूनमसिंगचा लखन, तिकडं उत्तरेला घोड्यांच्या फार्मवर कामाला होता. या घोड्याला पाठीवर माणूस घ्यायला त्यानंच शिकवलं. बापासोबत शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवलेलं पोरगं ते, जनावराचा लळा लागायला त्याला कितीसा वेळ! आज तोच घोडा अरिमा किनेनला धावणार होता. वर्ष सरता सरता होणारी तिकडची ही मोठ्या मानाची शर्यत. घोडेसुद्धा लोकांनी मतं देऊन निवडलेले.

“घोड्याले मत?” पूनमसिंग हसला. “बरं हाय बापा. निवडून आल्यावर धावते तरी.”

त्याची बायको मानीबाई मात्र हसली नाही. सकाळपासून तिचा कडक उपास होता, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. घोडा जिंकला तर शेठ लखनला आणखी पाच वर्षं ठेवून घेणार, नवी शिंगरं त्याच्या हवाली करणार. हरला तर करार संपवून होळीच्या आत लखन घरी. साऱ्या तांड्याला हे पाठ झालं होतं, कारण लखन दर फोनवर आईला तेच सांगायचा. ‘याडी, इथं लय मजा हाय. बर्फात घोडे पळवतो. एक बार जिंकू दे, मंग पाहाच!’

“जिंकलाच पाह्यजे,” पूनमसिंग म्हणाला.

“पोराचं मन रमलं तिथं. आपण आडवं कायले याचं?” मानीबाई म्हणाली.

“हो नं,” म्हणत बबितानं उगाच मोबाइलची काच पदरानं पुसली.

काल लखनचा फोन आला तेव्हा ती बोलत बोलत पार तुरीच्या वावरात गेली होती. परत आली तेव्हा डोळे लाल. सासूनं विचारलं तर म्हणे, घोड्याच्याच गोष्टी चालल्या होत्या. मानीबाईनं पुढं काही विचारलं नाही. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच नवरा परदेशी गेलेला. सुनेचे डोळे कशानं लाल होतात हे सासूला कळत नव्हतं थोडंच!

पूनमसिंगचंही कालपासून काहीतरी बिनसलं होतं. बाजारातून आला तो एक पिशवी खुंटीला अडकवून बसला. कुणी हात लावला की खेकसायचा, “राहू दे, बैलाचं औषध हाय.”

“सुटले!” बबिता ओरडली.

सारे घोडे एका ठशाचे दिसत होते, पण स्वाराची लाल टोपी उठून दिसत होती. ती आधी मधेच अडकून होती. मानीबाईनं डोळे मिटून घेतले, तिचे ओठ पुटपुटत होते. शेवटच्या वळणावर लाल टोपी बाहेरून निघाली आणि सगळ्यांच्या पुढं आली. पूनमसिंगमधला बैल हाकणारा शंकरपटाचा धुरकरी जागा झाला. तो चक्क उभा राहिला. “हाण! हाण रे पोट्ट्या!”

तेवढ्यात कडेनं एक करडा घोडा आला आणि मानेएवढ्या फरकानं पुढं निघून गेला.

पूनमसिंग खाकरला. “दुसरा आला. दुसरा म्हणजे कमी हाय काय?”

“लंगडला तं नाही ना?” मानीबाईनं विचारलं.

“नाही याडी, धड हाय,” बबिता म्हणाली. मग पिशवी काखेत मारून उठली. “ममताकाकूकडून ताक घेऊन येते.”

ती गेली. पूनमसिंगनं खुंटीवरची पिशवी काढली. “बैलाले पाणी पाजून येतो.” तो गेल्यावर मानीबाई कणगीमागं हात घालून काहीतरी पदराखाली घेत उठली. कापसाकडं एक चक्कर मारून येते, असं ती रिकाम्या घरालाच सांगून निघाली.

तांड्याच्या टोकाला लिंबाखाली देवीचं ठाणं आहे. तिथं नवरा-बायको समोरासमोर आले.

“तू इकडं कुठं वं?”

“अन् तुमचे बैल कुठं हायेत? देवळात बांधले का?”

पूनमसिंगच्या पिशवीत नारळ होता. मानीबाईच्या पदराखालीही नारळच होता.

“तोंडानं जिंकू दे म्हणत होतो वं,” पूनमसिंग खाली बसला. “पण देवीले म्हटलं, एवढ्या बार हारू दे. पोट्ट्याबिगर घर खायले उठते.”

मानीबाईला हुंदका आला. “मी बी तेच मागतलं. त्याच्या सपनाच्या आड आलो हो आपण. माय असून लेकराची हार मागतली. देव माफ करंन का मले?”

लिंबाच्या बुंध्यामागं कुणीतरी नाक ओढलं. बबिता तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती उठली आणि पदर सावरत पुढं आली.

“बा, फोडून द्या ना. बाईमाणूस नारळ फोडत नाही, म्हणून कोणाची तरी वाट पाहून राह्यली होती.”

तिच्या पिशवीतून दोन नारळ निघाले.

“दोन काहून वं?” मानीबाईनं डोळे पुसत विचारलं.

“एक माहा,” बबिता म्हणाली. “अन् एक तुमच्या लेकाचा. ‘घोड्याले खरचटू नको देऊ माय, पण पह्यला बी आणू नको,’ असं काल फोनवर त्यायनंच देवीले सांगाले लावलं.”