हमजुल्फ

साडू या नात्याला मराठीने कधी प्रतिष्ठा दिली नाही, असं तात्यांचं ठाम मत होतं. कालपासून.

काल त्यांना कळलं, लेक अदितीच्या लग्नाला साडू मोरूशेठ येणार नाहीत. मेहुण्याकडच्या साखरपुड्यात मानाची टोपी आधी तात्यांच्या डोक्यावर गेली होती. तात्या वयाने मोठे. पण मोरूशेठ बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणजे थोरले जावई. मान त्यांचा. आता लेकीच्या मांडवात सख्खा साडू दिसला नाही, तर अख्खी भिवंडी कारण विचारणार.

म्हणून तात्या भिवंडीबाहेर वडप्याला मोरूशेठच्या ओटीवर येऊन बसले होते. समोर गोदामांचे पत्रे चमकत होते. तात्यांची बायको माई आल्या आल्या आत बहिणीकडे गेली होती.

"उर्दूत साडूला हमजुल्फ म्हणतात," तात्यांनी सुरुवात केली. निवृत्त मास्तर, समजूत काढायची तीही व्युत्पत्तीपासून. "शब्द मूळ फारसी. हम म्हणजे समान, जुल्फ म्हणजे केसांची बट. एकाच घरच्या केसांत गुंतलेले दोघं."

"गुतलो ते खरं हाय," मोरूशेठ म्हणाले.

"आता व्याकरण बघा. हमसफर, हमदर्द, तसा हमजुल्फ. जिथे हम लागला तिथे थोरला-धाकटा उरत नाही. दोघं सारखे."

मोरूशेठ विचारात पडले. एवढी शांतता तात्यांना वर्गात कधी मिळाली नव्हती.

"ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"शेजारच्या अन्सारींनी. लूमवाले."

"मंग त्यांच्यात टोपी पयली कुनाला घालतात?"

हे अन्सारींना विचारायचं राहून गेलं होतं.

"आमच्या मांडवात तुम्हालाच. आधी तुम्ही, मग मी."

"मंग तो हम कुठं ऱ्हायला?"

"मांडवाबाहेर."

मोरूशेठना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं आणि कोर्टात निकाल द्यावा तशा आवाजात आत हाक मारली, "चंद्रा, तात्यांकडं लग्नाला जायचं का न्हाय?"

चंद्राताई चहा घेऊन बाहेर आल्या. मागून बशा घेऊन माई.

"आता काय इचारता?" चंद्राताई कप ठेवत म्हणाल्या. "आमच्या दोघींच्या साड्या सारख्या घेतल्यात. ब्लाउज शिंप्याकडं हायेत. तुमचा सफारी पन टाकलाय."

मोरूशेठचं माप जुन्या सफारीवरून दिलं होतं.