पातेल्यावरचं नाव

गिरण्यांच्या संपात आम्ही चौघींनी घाटकोपरला खानावळ काढली. आईने मला लग्नात दिलेलं पितळी पातेलं मी तिथे नेलं. सासऱ्यांनी त्यावर नवऱ्याचं नाव घालून घेतलं होतं. खानावळीची नोंदणी करून देणाऱ्या वकीलबाईंनी ते लगेच हेरलं. म्हणाल्या, “स्त्रीधन आहे, तुझंच. पण कोर्टात वर्षं जातील. त्यापेक्षा भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे जा.” परवा भर दुपारी जेवणारे बसलेले असताना नवरा आला. “पातेलं दे, विकायचंय. त्यावर नाव माझं आहे.” “वाचा की,” मी म्हटलं आणि आमटीसकट पातेलं फिरवलं. त्याने मोठ्याने वाचलं, “शिवदास परब यांजकडून महिला खानावळीस सप्रेम भेट.” जेवणाऱ्यांचे हात थांबले. त्याच्याच गिरणीतला एक म्हातारा म्हणाला, “परब, संपात एवढं दिलंस?”  नवरा पाटावर बसत म्हणाला, “घासताना नाव सांभाळा गं.”