ठरलेल्या नवऱ्याबरोबर पळून

“पळून गेली म्हंजी? कुनासंगं?” जनार्दन अंगणातून ओरडला.

“शंभूसंगं,” त्याचा थोरला भाऊ भैरू मोबाइल पुढे करत म्हणाला.

“कोन शंभू?”

“आरं, तुझा जावई! गेल्या म्हैन्यात साखरपुडा न्हाई का केला?”

जमलेली भावकी बुचकळ्यात पडली. पोरगी पळाली की काय करायचं, ते उरवडे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरच्यांनीच ठरवलेल्या नवऱ्याबरोबर पळाली, तर मारायला जायचं कुणाला? मोबाइलवरच्या फोटोत जनार्दनची लेक अपेक्षा आणि शंभू आळंदीच्या कुठल्याशा कार्यालयात गळ्यात हार घालून उभे होते. दोघंही छान हसत होती.

जनार्दनची बायको शारदा उंबऱ्यात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, तशी शेजारच्या रंभाबाईने तिचा दंड धरला. “रडू नगं, शारदा. हुतं आसं.”

शारदा रडत नव्हती. पदराआड ती देवाचे आभार मानत होती. बेत तिचाच होता.

शंभूकडची माणसं साधी. मुलगी आणि नारळ, एवढंच त्यांनी मागितलं होतं. हौस होती ती भैरूला. भूगावची जमीन विकून त्याने आपल्या पोरीचं लग्न लावलं, तेव्हा घोडे नाचले, वर ड्रोन फिरला आणि उरलेला भात खड्डा खणून पुरावा लागला. अपेक्षाच्या साखरपुड्यात माइक हातात घेऊन त्याने परस्परच सांगून टाकलं, “धाकट्याच्या पोरीचं बी तसंच हुनार! आपलं नाव हाय!”

त्या नावापायी जनार्दनने उरलंसुरलं भाताचं खाचर विकायला काढलं. घरात वर्षभर शिजणारा इंद्रायणी तांदूळ त्याच खाचरातला. शारदाने जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या, उरलेल्या भाकरीचा कुस्करा केला, बाजारात गेली तर ठरवलेलंच घेऊन परतली, म्हणून ते आजवर टिकलं होतं. आता ते एका दुपारच्या पंगतीत उठणार होतं.

“भावजींना न्हाई म्हना की,” तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं.

जनार्दनने ताटातून मान वर केली नाही. “भावकीत थोरल्या भावाला न्हाई म्हनू? वाढ आमटी.”

जमिनीचा एजंट विसाराचे पैसे घेऊन यायचा होता तो उद्याच. एकदा विसार घेतला की शब्द गेला, आणि जनार्दन शब्द फिरवणाऱ्यातला नव्हता.

म्हणून शारदाने लेकीला गोठ्यामागे गाठलं. “शंभूला घे आन् आळंदीला जाऊन लगीन लावून ये. एकदा लागलं म्हंजी कशाचा मांडव आन् कशाची पंगत!”

अपेक्षा आईकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. “आन् आप्पा?”

“त्यांचं मी बघते.”

आज सकाळी जनार्दन मांडववाल्याला पैसे द्यायला पिरंगुटला गेला, तेवढ्यात अपेक्षा ब्लाउज शिवायला टाकण्याच्या निमित्ताने सटकली. मांडववाला भेटलाच नाही म्हणत जनार्दन उन्हं कलल्यावर परतला. चप्पल काढतोय तोवर भैरू हा फोटो घेऊन हजर.

“गाडी काढतो,” भैरू आता म्हणाला. “दोघांला घिऊन येतो. हितं परत लावू लगीन. दनक्यात!”

शारदाच्या तोंडावरचा पदर सुटला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“खबरदार, दादा!” जनार्दन असा गरजला की कोंबड्या पांगल्या. “लागलेलं लगीन परत लावायचं? लोकं तोंडात शेन घालतील! माज्या दारात मांडव पडनार न्हाई. आन् त्या एजंटाला आत्ताच्या आत्ता फोन लाव. म्हनावं, उद्या येऊ नगंस. असल्या पोरीपायी मी जमीन इकू? एक गुंटा न्हाई!”

शारदा उंबऱ्यातच बसली. खाचर वाचलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला.

पण नवऱ्याचा आवाज ओरडून बसत चालला, तसं तिला वाईट वाटू लागलं. इतकी वर्षं संसार केला, त्याला कधी फसवलं नव्हतं. ती आत गेली, चुलीशी बसली आणि लेकीला फोन लावला.

“लागलं का गं नीट?”

“लागलं, आई. मस्त लागलं.”

“जेवलीस?”

“व्हय. समदेच जेवलो.”

एकुलती लेक, आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला घरचं माणूस नाही. हेसुद्धा तिच्याच बेतामुळे.

“कन्यादान कुनी केलं गं? उभं केलं आसंल गुर्जींनी कुनी परकं मानूस.”

अंगणात जनार्दन भैरूला अजून ऐकवत होता, की आजपासून त्याला लेकच नाही.

“तुला सांगू नगं म्हनले हुते, आई,” अपेक्षा हळूच म्हणाली. “आप्पांनी केलं. तुज्या जागी कमरेला सुपारी खोचून बसले हुते.”