नऊ पॉइंट आठ

मॅडमनी सतरावं जर्नल उघडलं. इथेही नऊ पॉइंट आठ.

प्रयोग साधाच होता, लंबकाचा. दोरी मोजायची, झोके मोजायचे आणि पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. तो नऊ पॉइंट आठ येतो हे पहिल्या वर्षाची पोरं झोपेतही सांगतील. म्हणूनच मॅडमनी यंदा खोडी काढली होती. लाकडी मोजपट्ट्या कपाटात कुलूपबंद केल्या आणि झेरॉक्सवर जराशा मोठ्या करून घेतलेल्या कागदी पट्ट्या प्रत्येक स्टँडला चिकटवल्या. त्या पट्टीने इमानदारीत मोजलं, तर दोरी आखूड भरून उत्तर नऊच्या खालीच यायला हवं. कुणाचंही.

सत्राच्या सुरुवातीला विभागाने सगळ्या प्राध्यापकांकडून अध्ययन निष्पत्ती लिहून घेतल्या होत्या. म्हणजे, शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते. बाकीचे मागच्या वर्षीच्या उतरवून मोकळे झाले. मॅडमना हौस दांडगी. त्यांनी लिहिलं, ‘विद्यार्थी जे मोजेल तेच लिहील.’ ते किती जणांना जमलं, हे आज तक्त्यात भरायचं होतं.

अठरा, एकोणीस. नऊ पॉइंट आठ. विसाव्या जर्नलात मात्र आठ पॉइंट नऊ होतं. खोडून खोडून तिथला कागद पार झिजला होता.

“झालं का?” विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. “किती टक्के?”

“पाच, सर. विसात एक.”

सरांनी वरची दोन-चार जर्नलं चाळली. “अहो, काय बोलताय? सगळ्यांचं बरोबर आलंय की!”

“तोच तर घोळ आहे, सर. बरोबर येणं शक्यच नव्हतं.”

मॅडमनी पट्टीची गोष्ट सांगितली. सर आधी मनापासून हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणला.

“हे बघा, तुमचं कंत्राट याच महिन्यात मुदतवाढीसाठी वर जातंय. सत्तरच्या खाली आकडा गेला, की वरचे लोक पोरांना नापास करत नाहीत, तुम्हाला करतात.”

“मग खोटं लिहू?”

“मी असं म्हटलं का? कुठे जरा सैल धरता येतंय का बघा. अर्ध्या तासाने तक्ता न्यायला येतो.”

सर गेले. मॅडमनी पेन उघडलं, मिटलं, आणि पेन्सिल घेतली. रकान्यात पाच लिहिलं. एवढ्या मोठ्या रकान्यात तो आकडा अगदीच केविलवाणा दिसत होता. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? त्यांना स्वतःचाच राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

“येऊ का, मॅडम?”

विसाव्या जर्नलवाली मुलगी होती. हातात खोडरबर.

“माझं जर्नल थोडा वेळ मिळेल का? उत्तर चुकलंय. मी परत परत मोजलं, पण तेवढंच येतंय. बाकी सगळ्यांचं आलं, माझंच नाही.” तिचा आवाज रडवेला झाला होता. “नीट करून लगेच देते.”

खरं तर मॅडमनी तिला शाबासकी द्यायला हवी होती. ती ओठांपर्यंत आलीही. पण समोर तो पेन्सिलचा पाच होता.

मुलीची नजर तक्त्यावर गेली. वर ‘किमान सत्तर’ असं छापलेलं होतं. तिने ते वाचलं, खालचा पाच वाचला, आणि तिचा चेहरा एकदम निवळला. आपलं एकटीचंच चुकलेलं नाही, म्हणून असेल.

“तुमचंही येत नाहीये का, मॅडम?”

“नाही.”

“परत मोजून बघितलंत?”

“बघितलं. तेवढंच येतंय.”

मुलीने समजूतदारपणे मान हलवली, आणि हातातला खोडरबर टेबलावर, दोघींच्या मधोमध ठेवला.