चार हात सैल दोर

होडी बेशरमीच्या झुडपांत आडवी जाऊन पडली होती. काल संध्याकाळी ती सोमेश्वरनं बांधली होती आणि दोर चार हात जास्तीचा सोडला होता. बाकीचं काम वाऱ्यानं केलं.

भुजंगनं दोर मापून पाहिला, मग लेकाकडं पाहिलं.

"एवढा दोर कशाला सोडला? गोदावरीला भरती येऊन राह्यली का?"

सोमेश्वर ओशाळून हसला. "हात तसाच चालला, आबा. तिकडं आखूड बांधली तर ओहोटीला होडी दोरावर लटकती."

"इथं न्हाई लटकत. इथं बंधाऱ्याचं दार उघडल्याबिगर पाणी उतरत न्हाई. अन् दार उघडायच्या आधी भोंगा वाजतो."

दोघांनी मिळून होडी मोकळी केली. ती नवी होती. भुजंगनं उन्हाळ्यात करून घेतली, एकट्या माणसाला लागते त्याहून हातभर लांब. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गावात कुणाला सांगायची गरजही नव्हती.

सोमेश्वर मालदीवच्या एका बेटावर, पाहुण्यांना मासे धरायला नेणाऱ्या बोटीवर कामाला होता. तीन वर्षांनी घरी आला, त्याला आज अठरा दिवस झाले. आता राहणार की परत जाणार, एवढंच भुजंगला विचारायचं होतं. ते सोडून त्यानं जगातलं सगळं विचारून झालं होतं. तो आल्यापासून आज पहिल्यांदाच दोघं जाळं टाकायला निघाले होते. सकाळी भाकरी बांधून देताना कौसल्या नवऱ्याला हळूच म्हणाली होती, "आज इचाराच. होडीत दोघंच असताल." "इचारतो," असं तो रोजच म्हणत होता.

बाप बुडू नये म्हणून सोमेश्वरनं नारिंगी जाकीट आणलं होतं. भुजंगनं ते घडी घालून बुडाखाली घेतलं. बसायला झकास होतं.

"सगळ्यात मोठा मासा कोणता पाह्यला?" वल्हं मारता मारता त्यानं विचारलं.

"या होडीएवढा. पाठीवर ही मोठी शिडासारखी झालर. एका पाहुण्याला वढायला दोन घंटे लागले."

"मंग? किती घरांनी खाल्ला?"

"खाल्ला न्हाई. फोटो काढला अन् सोडून देला."

वल्हं थांबलं. "मेल्ता का?"

"जित्ता होता."

"मंग धरला कशाला?"

"तिकडं तसंच असतंय. पण आबा, सोडणं सोपं नसतं. मासा लई दमलेला असतो. तसाच टाकला तर मरतो. त्याला पाण्यात हातानं धरून बोटीसंगं चालवावं लागतं, कल्ल्यांत पाणी खेळोस्तोवर. मंग तो एकदम जोर लावतो, अन् हातातून जातो."

हे सांगताना त्याचा आवाज वेगळाच झाला होता. अठरा दिवसांत तो गावातल्या कशाबद्दलही असा बोलला नव्हता. भुजंगनं ते ऐकलं आणि पुन्हा वल्हं मारायला लागला.

डोहावर आल्यावर होडी थांबवली. जाळं टाकायच्या आधी गोदावरीचं ओंजळभर पाणी प्यायचं, हा त्यांच्या घरातला नेम. भुजंगचा बाप प्यायचा, भुजंग प्यायचा, सोमेश्वरही दूध सुटल्यापासून प्यायचा म्हटलं तरी चालेल. न पिता टाकलेलं जाळं भुजंगनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तो वाकला, ओंजळ भरली, प्यायला, मिशा पुसल्या. दुसऱ्या बाजूनं सोमेश्वर वाकला. त्यानं ओंजळ भरली, कपाळाला लावली, पाणी तोंडात घेतलं. आणि थुंकून टाकलं.

थुंकल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो तसाच वाकलेला राहिला.

"तिकडं बी नेम चुकवला न्हाई, आबा," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "एक दिवस बी न्हाई. पण ते खारं असतंय. तोंडात घ्यायचं अन् टाकायचं. तीन वर्षं झाली, तशीच सवय लागली."

"हे गोडं होतं."

"हो."

"तोंडात घेतल्यावर बी कळलं न्हाई?"

"कळायच्या आधीच थुंकलो."

भुजंगला राग यायला हवा होता, पण आला नाही. वाईट मात्र वाटलं, आणि फार वाटलं. अठरा दिवस जे विचारायला जीभ रेटत नव्हती, ते आता विचारायचंच उरलं नव्हतं.

"तिकीट कवाचं हाय?"

सोमेश्वरनं मान वर केली नाही. "बावीस तारखेचं. सांगणारच होतो."

"तुझ्या मायला मी सांगतो. तू नको सांगू."

पाणी संथ होतं. पलीकडच्या काठावर कुणाची तरी मोटर सुरू झाली. जाळं दोघांच्या मध्ये तसंच पडून होतं, कारण एक ओंजळ राहिली होती.

भुजंग पुन्हा वाकला आणि दोन्ही हात भरून घेतले.

"आता ही कशाला, आबा?"

"तुझ्या वाटणीची."

तो ती सावकाश प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग जाळ्याचं एक टोक लेकाच्या हातात दिलं.

"धर. घट्ट धर. आपल्यात धरलेला सोडत न्हाईत."