वहीतला सातवा महिना

लेक झाल्यापासून धनश्री दर महिन्याला तिचा एक फोटो काढायची, वहीत चिकटवायची आणि खाली एक ओळ लिहायची. ‘पहिला दात.’ ‘आजोबांची मिशी ओढली.’ रोल धुवायला शिरूरला मेहमूदभाईंच्या स्टुडिओत जायचा. चौदाव्या महिन्याचा फोटो मात्र त्यांनी पाकिटातून काढून काउंटरवर ठेवला. “ताई, फ्लॅशनं समद्यांचं डोळं लाल येत्यात. हिचा डावा बघा, पांढराफटक आलाय. मांजरावानी.” “रोल खराब आसंल,” धनश्री म्हणाली. “त्याच रोलमधी तुम्ही हाय, तुमचं सासरं हायत. दोघांचं बी डोळं लालच हायत. पोरीला डॉक्टरला दावा, आजच.” फोटो मापात कापून घ्यायला वही तिच्या पिशवीत असायचीच. ती तशीच पोरीला कडेवर घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तो डोळा बराच वेळ निरखला. “हे कधीपासून आहे?” धनश्रीने वही पुढे केली. डॉक्टर एकेक पान मागे जाऊ लागले. बारावा महिना, दहावा, मग आठवा. सातव्या महिन्याच्या फोटोत त्याच डोळ्यात खसखशीएवढा पांढरा ठिपका होता. खाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘आज डोळे कसे चमकतायत!’ धनश्रीने विचारलं, “डॉक्टर, डोळा वाचंल न्हवं?” डॉक्टरांनी वही मिटली. “मिस्टर कुठं आहेत?” “रांजणगावला, कंपनीत.” “फोन करून बोलावून घ्या. डोळ्यात कॅन्सरची गाठ दिसतेय, आजच पुण्याला निघायचं. डोळ्याचं सोडा बाई, आधी पोरगी वाचली पाहिजे.”