खिडकीबाहेरचा लांब कोट

“लेकरू अंगावर हाय तवर ते खुनाचे काळे-पांढरे पिच्चर बघू नकोस, पंकजा. सावल्या मागं लागतेत,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. पंकजानं ते हसण्यावारी नेलं. बी.एस्सी. झालेली बाई सावलीला भिते होय!

आता ती अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या कडेला चिकटून उभी होती. लेकीला झोपवायचं म्हणून दिवा बंद होता. बाहेर ताडकळसची ती अरुंद गल्ली, हलकं धुकं, खांबावरचा एकुलता दिवा. आणि दिव्याखाली तो. सलग तिसरी सांज. घोट्यापर्यंत कोट, डोक्यावर भली मोठी हॅट, ओठांत पेटलेला ठिपका. चेहरा काळामिट्ट. छातीपाशी हात सारखे काहीतरी चाळवत होते. दोरी? सुरी?

तिनं परभणीला कामावर असलेल्या नवऱ्याला फोन लावला.

“कोट?” भारत हसला. “ताडकळसात कोट कोण घालतंय गं? नवरदेव असंल एखादा!”

तिनं फोन कापला. मागं पाळण्यात लेक खिदळत होती. तिला काय कळतंय! पंकजानं खलबत्त्यातला बत्ता उचलला, खिडकीची काच धाडकन उघडली आणि ओरडली, “कोण हाय तिथं? हात वर!”

माणसानं दोन्ही हात वर केले. त्याच क्षणी लेकीनं भोकाड पसरलं.

“बाई, हात खाली घेऊ का?” तो काकुळतीनं म्हणाला. “कोकरू गेलं म्हणून रडायलीय ती.”

पंकजा वळली. भिंतीवर गजांच्या आडव्या-उभ्या सावल्या होत्या. त्यानं हात पुन्हा छातीशी घेतले, तसं मधोमध कान हलवत सावलीचं एक कोकरू आलं. कोकरानं तोंड उघडलं. लेक डोळ्यांत पाणी घेऊनच खदखदून हसली.

मागच्या आळीतले मेंढपाळ येडबाआबा होते ते. कोट म्हणजे घोंगडी, हॅट म्हणजे फेटा, पेटलेला ठिपका म्हणजे बिडी. त्यांचा मुलगा, सून, नातू दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले.

“नातवाला रोज दाखवायचो,” ते ओशाळून म्हणाले. “हात गप बसत न्हाईत.”

“आत या ना, आबा.”

“आत आलो तर सावली कशी पडंल?”

पंकजा पोट धरून हसली. मग चहाच बाहेर गेला. आता रोज जातो.

तेव्हापासून ती भेटेल त्याला विचारते, तुम्हालाही विचारतेय: तुमच्या गल्लीतलं कुणी ऊसतोडीला गेलंय का? त्यांच्या ओट्यावर मागं कोण राहिलंय, आज दिवेलागणीला जरा बघून येता का?